गुप्त मतदानाची मागणी

शनिवारी आणि रविवारी दुपारी मी तुमसरजवळच्या एका गावात बायकांना इंग्रजी शिकवते. आठवडाभर हायस्कूलमध्ये तोच विषय असतो, त्यामुळे माझ्या नवऱ्याच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. पण हायस्कूलमधल्या मुलांना इंग्रजी नको असतं आणि या बायकांना ते हवं असतं. एवढं कारण मला पुरतं.

वर्ग ग्रामपंचायतीला लागून असलेल्या समाजभवनात भरतो. फळा शाळेने टाकून दिलेला, सतरंजी भजनी मंडळाकडून मागून आणलेली. ज्या संस्थेने वर्ग सुरू केला तिने एक पुस्तिका दिली आहे. आधी बाजार, दवाखाना, बसस्थानक असे धडे आहेत आणि शेवटी मानवी हक्क आणि लोकशाहीचे शब्द. व्होट, कँडिडेट, मेजॉरिटी, कन्सेंट, सिक्रेट बॅलट. दवाखान्याचा धडा संपता संपेना, कारण प्रत्येकीला आपलं दुखणं इंग्रजीत सांगायचं होतं. लोकशाही लवकर आटोपेल असं मी धरून चालले होते.

दिवाळी होऊन गेली होती. धान कापून झाला होता आणि शेतांतल्या बांध्यांमध्ये पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या, उभे होते. ग्रामपंचायतीची निवडणूक नुकतीच झाली होती आणि माझ्या वर्गातली एक बाई सदस्य म्हणून निवडून आली होती. बाकीच्या तिला थट्टेने सदस्यबाई म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. दहावीपर्यंत शिकलेली, पस्तिशीची, कमी बोलणारी. तिचा नवरा तुमसरला एका राईस मिलमध्ये हमाल होता. मिलचे मालक याच गावचे. त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठचा पुतण्याही सदस्य झाला होता आणि त्याला उपसरपंच व्हायचं होतं. निवड पुढच्या पंधरवड्यात होती. गावचं राजकारण एवढंच होतं.

सिक्रेट बॅलट हा शब्द नुसता सांगून समजत नाही, म्हणून मी वर्गातच सरावाचं मतदान घेतलं. प्रश्न असा, की रविवारचा वर्ग बंद करावा का? आधी हात वर करायला सांगितले. कोणीच हात वर करेना. सगळ्यांनी आधी पोलीस पाटलांच्या बायकोकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बंद कायले कराचा? सुरूच ठेवा." झालं. सगळे हात त्यांच्या बाजूने. मग मी तेच मतदान चिठ्ठ्या टाकून घेतलं. लाह्यांचा डबा रिकामा करून त्याची पेटी केली. मोजल्यावर रविवार बंद व्हावा असं म्हणणाऱ्या जास्त निघाल्या.

"कोन वो हे फितूर?" पोलीस पाटलीणबाई हसत हसत म्हणाल्या. "रविवारी घरी काय कोंबडं शिजते का तुमच्या?"

"तुमाले कायले सांगू? गुप्त हाय ते," मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

सदस्यबाई हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, हे खऱ्यात मागता येते का? उपसरपंचाच्या वेळेले?"

मी इतक्या निवडणूक ड्युट्या केल्या आहेत की याचं उत्तर मला पाठ आहे. साधारण हात वर करूनच निवड होते. पण एकाही सदस्याने गुप्त मतदानाची मागणी केली, तर अधिकाऱ्याला ते घ्यावं लागतं.

"एकीनं मागतलं तरी?"

"एकीने मागितलं तरी."

"मागाचं कसं? चिठ्ठीवर लिहून?"

"नाही. सगळ्यांसमोर तोंडाने म्हणायचं."

तीच मागची बाई म्हणाली, "मंग तिचं काय गुप्त रायलं जी?" पुन्हा हशा झाला, पण पहिल्यासारखा नाही.

संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं असावं, कारण दुसऱ्या दिवशी शेठचा पुतण्या वर्गाच्या दारात उभा होता. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली, अत्यंत नम्र. चपला बाहेर काढून आत आला.

"काय शिकवून रायले मॅडम?"

"लोकशाही."

"चांगलंच हाय. परीक्षेले येते का हा धडा?"

"येतो."

त्याने फळ्यावरची यादी वरून खालपर्यंत वाचली, हलक्या आवाजात, एकेक शब्द. मग म्हणाला, "आपल्या गावात सिक्रेट काई नसते मॅडम. सगळे आपलेच." बायकांकडे एकदा पाहून नमस्कार करून गेला. मी धडा पुढे सुरू केला. उत्तरं देणाऱ्या एकदम कमी झाल्या.

दोन दिवसांनी सदस्यबाईचा नवरा मला शाळेच्या फाटकापाशी भेटला. अंगावर कोंड्याची धूळ तशीच. सायकल धरून उभा होता, स्टँडवर लावलीही नव्हती.

"मॅडम, तुमी तिले आता काई शिकवू नका."

"इंग्रजी शिकवते मी."

"तेच ते. शेठनं मले आज जवळ बसवलं. बारा वर्षांत पहिल्यांदा बसवलं. च्या पाजली. म्हने, बाईले सांग, हात वर कराचा अन् मोकळं व्हाचं." तो रस्त्याकडे पाहत बोलत होता. "मले रागावले असते त मी काई भेलो नसतो. च्या पाजली जी."

मी त्याला सांगितलं, की तिने काय करावं हे मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते त्याला पुरेसं वाटलं नाही. ते पुरेसं नव्हतंही.

पुढच्या शनिवारी ती वर्गाला आली नाही. फोन बंद होता. वर्ग सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. सासू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"देवदर्शनाले गेली," सासू म्हणाली.

"कुठल्या देवाच्या?"

"ते त्यायलेच माहीत. आमी विहारात जानारी मानसं. गाडी आली, पुतण्या उतरला, म्हने चला वहिनी, सगळे सदस्य जाऊन रायले. फोनही जमा करून घेतले म्हन्तेत." शेंगा सोलायची काही ती थांबली नाही. "बकरं पूजेच्या आधी बांधून ठेवतेत ना, तसं."

निवडीआधी सदस्यांना असं फिरवून आणणं आमच्याकडे नवं नाही. जेवण चांगलं देतात, मुक्कामाला लॉज असतो, देवळाबाहेर फोटोही काढतात. फक्त एकट्याने कुठे जायचं नसतं. गाडीत पुतण्या धरून सहा जण होते. नऊ सदस्यांत तेवढी मतं त्याला पुरून उरत होती.

निवडीच्या दिवशी मी शाळेत होते. पुढचं मला तिने आणि नंतर वर्गातल्या दोघी-तिघींनी सांगितलं, आणि सगळ्यांचं सांगणं जुळतं.

गाडी घरी न जाता थेट ग्रामपंचायतीच्या फाटकात आली. अधिकाऱ्यांनी दोन उमेदवारांची नावं वाचली आणि विचारलं, "हात वर करून घ्यायचं ना?" पुतण्याच्या बाजूचे हो म्हणाले. दुसऱ्या बाजूचेही, हरणारच आहोत म्हणून, काही बोलले नाहीत. तेव्हा ती उभी राहिली. तोंडातून आधी आला तो इंग्रजी शब्द. "सिक्रेट बॅलट."

"काय म्हणालात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"गुप्त पाहिजे."

पुतण्या म्हणे हसला. म्हणाला, "बसा वहिनी, प्रवासानं थकल्या तुमी." ती बसली नाही. अधिकाऱ्यांनी नियम पाहिला आणि कागद फाडून चिठ्ठ्या करायला सांगितल्या.

पुतण्या निवडून आला. गुलाल उडाला, फटाके वाजले. इथे हे संपायला हवं होतं. पण गाडीत सहा जण होते आणि त्याला मतं पडली पाच.

त्याच संध्याकाळी गाडीतल्या सगळ्यांना शेठच्या घरी चहाला बोलावणं आलं. ओसरीत पाटावर नारळ ठेवलेला होता. शेठ म्हणाले, निवडून तर आलो, राग कोणावर नाही, फक्त मनात किल्मिष राहू नये. प्रत्येकाने नारळावर हात ठेवून म्हणायचं, मी आपल्या माणसालाच मत दिलं. एकेक उठला, हात ठेवला, म्हणाला. मग तिची पाळी आली.

"तुमच्यात नारळ चालत नाई, मले माहीत हाय," शेठ म्हणाले. "जबरदस्ती नाई. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा, तेवढं पुरे."

आणि आतल्या खोलीतून तिची मुलगी बाहेर आली. चौथीत शिकते. कोणीतरी तिला शाळेतून परस्पर मोटरसायकलवर बसवून आणलं होतं. हातात बिस्किटाचा पुडा होता.

हे सांगताना सदस्यबाई थांबली होती. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. म्हणाली, "पोरीले काहून आनलं, हे कोनीच नाई विचारलं मॅडम. चार सदस्य बसले होते. सगळे च्या पेऊन रायले होते."

तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मुलीचा हात धरला. "गुप्त म्हणून टाकलं हाय, ते गुप्तच राहीन," एवढं बोलून घरी आली. कोणी अडवलं नाही. शेठ दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "अंधार पडला, सांभाळून जा."

सोमवारी तिच्या नवऱ्याला मिलच्या चौकीदाराने फाटकाबाहेर बसवून ठेवलं. मंगळवारीही. काढून टाकलं असं कोणी म्हटलं नाही. हंगामाच्या ऐन भरात, धानाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, एक जुना हमाल फाटकाबाहेर बसलेला सगळ्यांना दिसत होता. आठवड्याने तो आपणहून जायचा थांबला. आता सायकलने वरठीकडे जातो, मिळेल ते काम करतो.

वर्ग मी बंद केला नाही. बायका निम्म्या झाल्या. पोलीस पाटलीणबाई येत राहिल्या, ते शिकायला की पाहायला, मला ठरवता आलं नाही. सदस्यबाई एकही दिवस चुकली नाही. एकदा वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. सतरंजी गुंडाळत म्हणाली, "तुमाले बी वाटते ना, मीच मत फोडलं?"

मला तसंच वाटत होतं. पण नारळावर हात ठेवणाऱ्यांपैकी एखादा खोटं बोलला असेल, हेही शक्य होतं. तसं असेल तर तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून खरं तेच सांगितलं असतं आणि सुटली असती. मग शेठने उरलेल्यांना पुन्हा एकदा चहाला बोलावलं असतं.

"खरं सांगू मॅडम, मी त—"

"सांगू नको," मी म्हटलं.

"तुमालेही नाई?"

"मलाही नाही. उद्या मला कोणी विचारलं तर माझ्या चेहऱ्यावर दिसेल. मला खोटं बोलता येत नाही."

तिने सतरंजी भिंतीला लावली. "बरं," म्हणाली.

मला विचारलं गेलं, आणि फार दिवस लागले नाहीत. नवे उपसरपंच शाळेत आले, सोबत पेढे. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून म्हणाले, "मॅडम, तुमच्याजवळ बाया मन मोकळं करतेत म्हन्तेत." मी म्हटलं, माझ्याजवळ त्या क्रियापदं मोकळी करतात. मुख्याध्यापक उगाचच मोठ्याने हसले. उपसरपंच हसले नाहीत. "घाई नाई," म्हणाले. "पाच वर्षं हावो आमी."

पेढे मी स्टाफरूममध्ये ठेवले. कोणी खाल्ले ते पाहिलं नाही.

सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदन झालं. मी वर्गातल्या बायकांना घेऊन गेले होते. पुस्तिकेत तसं सुचवलं आहे. भाषण झालं, त्यात नागरिक, हक्क, कर्तव्य हे सगळं आलं. मग उपसरपंच रांगेतून फिरून मुलांना खाऊ वाटू लागले. चौथीच्या रांगेत ते एका मुलीपाशी वाकले आणि जरा वेळ तसेच वाकलेले राहिले. तिच्या वेणीवर हात ठेवलेला होता. माझ्या शेजारी सदस्यबाई उभी होती. ती जागची हलली नाही, फक्त पदर मुठीत धरला.

रांग सुटल्यावर मुलगी आली.

"काय विचारलं त्यायनं?"

"आई घरी निवडनुकीचं काय सांगते म्हने."

"मंग तू?"

"मी म्हन्लं, मले नाई माहीत."

"खरंच नाई माहीत तुले," सदस्यबाई म्हणाली आणि तिच्या हातातला खाऊ घेऊन पाहिला. साधीच बुंदी होती. तिने ती मुलीला परत दिली.

घरी जाताना मी तिला विचारलं, नवऱ्याला तरी सांगितलं आहेस का? तिने नकारार्थी मान हलवली. सासूलाही नाही. फाटकाबाहेर बसवलं त्या दिवसांत नवऱ्याने किती वेळा विचारलं, एकदा ओरडून, एकदा रडून, तरी नाही. त्याला माहीतच नसेल तर त्याच्याकडून काढणार काय, असा तिचा हिशेब होता. मुलीचंही तसंच, आणि माझंही तसंच झालं होतं. तिने एकेकाला असं बाजूला काढलं होतं. आता विचारण्यासारखं माणूस गावात एकच उरलं होतं, आणि तिच्या घराचा रस्ता शेठच्या ओसरीसमोरून जात होता.

ती आणि मुलगी त्या रस्त्याला वळल्या. ओसरीतून कोणीतरी हाक मारली, "या वहिनी, च्या घेऊन जा."

ती थांबली नाही. पाऊलही तिने भरभर उचललं नाही. हाक पुन्हा आली, तितक्याच प्रेमाने.