तिसरी प्रत

माझा मामा नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांशी टाइपरायटर मांडून बसतो. जन्माच्या दाखल्यापासून नळजोडणीपर्यंत कुठलाही अर्ज सांगा, दहा मिनिटांत हातात. ‘विषय : अमुक मिळणेबाबत’ या ओळीशिवाय त्याचा कागद सुरूच होत नाही, म्हणून सगळं आवार त्याला बाबतराव म्हणतं. घरीसुद्धा तेच. ‘चहात साखर वाढवून मिळणेबाबत’ असा अर्ज त्याने एकदा मामीला टाइप करून दिला होता. मामीने त्यावर ‘फेटाळला’ असं लिहून सही केली.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण सात वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. मामाचा पाय तेव्हा प्लॅस्टरमध्ये होता, गावाच्या दुसऱ्या टोकाहून त्याला येता येईना, म्हणून त्याने पत्र पाठवलं. ‘विषय : आपल्या पतींच्या निधनाबाबत. संदर्भ : धाकट्या बहिणीचा आजचा फोन. महोदया, उपरोक्त विषयी अतीव दुःख झाल्याचे याद्वारे कळविण्यात येते. तरी आपण धीर धरावा, ही नम्र विनंती.’ आणि खाली, ‘प्रत माहितीसाठी : थोरले बंधू, धाकटी बहीण.’ म्हणजे मध्ये कार्बन घालून एकदम तीन प्रती. लिफाफे भरताना घोळ झाला आणि आईच्या वाट्याला आली ती सगळ्यात खालची, पुसट, तिसरी प्रत.

घरात रडारड चाललेली आणि मला हसू फुटलं, याची मला अजून लाज वाटते. आई हसली नाही. “नवरा माझा गेला, आणि मला तिसरी प्रत?” एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मामाशी तिचं बोलणं बंद. मामा प्लॅस्टर काढून धावत आला, पाया पडला, पण सुंभ जळाला तरी पीळ जाणार नाही अशी आमची आई. लग्नकार्यात समोरासमोर बसले तरी ती मला म्हणायची, “तुझ्या मामाला विचार, पाणी हवंय का.” मामा हातभर अंतरावर. मी विचारायची. मामा म्हणायचा, “ताईला सांग, हवंय.” सात वर्षं मी टपालखातं चालवलं.

गेल्या वर्षी मामाच्या मनाने घेतलं की आपल्याला माणसासारखं लिहायला शिकलं पाहिजे. वाचनालयात शनिवारी दुपारी एक निवृत्त बाई लेखनवर्ग घेतात. तिथे अठ्ठावन्नाव्या वर्षी तो नवी वही घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसला. पहिल्याच दिवशी विषय मिळाला, ‘माझी खिडकी’. मामाने लिहिलं, ‘सदर खिडकी पूर्वेस असून तिची डावी झडप नादुरुस्त आहे. दुरुस्तीबाबत पत्नीने तीन वेळा तोंडी कळविले आहे.’ वर्ग पोट धरून हसला. बाई मात्र म्हणाल्या, “भावना ओता हो त्यात थोड्या.”

मामाने मग भावना ओतायला सुरुवात केली, आणि तोटी काही त्याला बंद करता येईना. चार महिन्यांत तो असा तयार झाला की मामी मला फोन करून म्हणाली, “अगं, तो मला सकाळी सकाळी ‘पहाटेची हळवी किनार’ म्हणाला. दवाखान्यात नेऊ का?” अशा तयारीनिशी त्याने आईला पत्र लिहिलं. त्यात दुःखाचा वणवा होता आणि त्या वणव्यात मामाच्या काळजाची होडी वल्हं हरवून फिरत होती. आईने ते शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून माझ्याकडे दिलं.

“तुझ्या मामाला विचार, कुणाकडून लिहून घेतलं.”

तीस वर्षं अख्ख्या गावाला कागद लिहून देणाऱ्या माणसाला हे ऐकवणं माझ्या जिवावर आलं. ऐकून त्याने टाइपरायटरवर झाकण घातलं. मग वही घेऊन बाईंकडे गेला. बाईंनी होडी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “चूक माझी झाली. तुमची ती नादुरुस्त झडप मला अजून आठवते. ही होडी उद्या आठवायची नाही.”

पुढच्या आठवड्यात आईला एक टाइप केलेला कागद आला.

‘विषय : तिसरी प्रत पाठविल्याबद्दल माफी मिळणेबाबत.

१. मला सायकल शिकवताना भावोजी स्वतः दोनदा पडले. त्यांनी हे कोणास सांगितले नाही. मीही आजच सांगत आहे.

२. बातमी आली तेव्हा मला रडता येईना. हात थरथरत होते. टाइप करताना ते थांबतात, म्हणून टाइप केले.

३. लिफाफे मी स्वतः भरले.

४. सात वर्षांत तू मला एकदाही “अरे” म्हणाली नाहीस. बाकी कोणी तसे म्हणत नाही.

सोबत : काही नाही.’

आईने तो ओट्याशी उभ्याने वाचला. मग मला म्हणाली, “चौथा मुद्दा मोठ्याने वाच.” मी वाचला. तिने पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरायला घेतला, म्हणजे कारण विचारायची सोय राहिली नाही.

सोमवारी ती मला घेऊन नोंदणी कार्यालयात गेली. मामाच्या टेबलासमोर दोन माणसं होती. त्यांच्या मागे ती रांगेत उभी राहिली. नंबर आला तशी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. मामा मान खाली घालून रिबन नीट करत होता.

“बोला. कुणाला लिहायचंय?”

“धाकट्या भावाला.”

मामाचे हात थांबले. मान काही वर झाली नाही.

“विषय?” त्याने कसंबसं विचारलं.

“रविवारी जेवायला येणेबाबत.”

“संदर्भ?”

“तुझा अर्ज. मुद्दा चार.”

सवयीने त्याचा हात कार्बनच्या डब्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. त्याने एकच कोरा कागद मशिनला चढवला. ‘विषय’ एवढं टाइप झालं आणि मग त्याला बटणं दिसेनाशी झाली.

“अरे, कागद भिजेल,” आई म्हणाली.

निरोप पोचवायला मी सवयीने तोंड उघडलं, पण मामाने तो केव्हाच ऐकला होता.