कंटोल्यांच्या आड मासे

अकरा वर्षं मी बायकोशी खोटं बोलत होतो, आणि ते खोटं इतकं चविष्ट होतं की आत्ता लिहितानाही आधी तोंडाला पाणी सुटतं. लाज त्याच्या मागून येते.

आमचं घर बडोद्यातलं जुनं मराठी, संस्थानच्या नोकरीवर वाढलेलं. माणसं हळू बोलणारी, चातुर्मासात कांदासुद्धा बंद. बायको मुरूडकडची, मासे खाणाऱ्या घरातली. तिला पाहायला गेलो तेव्हा आईने चहा पिता पिता सांगितलं की आमच्याकडे चालत नाही हं. ती म्हणाली, चालेल. झालं, एका शब्दात तिचे मासे सुटले. आपल्यात चालतं का, चालेल का, एवढंच विचारतात. आवडतं का, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. मीही नाही. मी पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसलो होतो.

प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंगच्या टेबलावर, आणि माझा एक मित्र खाली फिटर. त्याचं गाव डभोईच्या पुढे, ओरसंग नदीच्या काठावर. अकरा वर्षांपूर्वी त्याने एका रविवारी गावी बोलावलं. मासे धरू म्हणाला. मी म्हटलं, मी खात नाही, पण बघायला येईन. काय आणू विचारलं तर म्हणाला, मीठ-मिरची घरात आहे, मासा खाखऱ्यात होईल.

मासा खाखऱ्यात! आता बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला खाखरा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. मी घरी सांगितलं की मित्राच्या शेतावर चाललोय, खाखरे हवेत. बायकोने शनिवारी संध्याकाळी बसून, तव्यावर फडक्याने दाबून दाबून, मेथीचे वीस खाखरे भाजले आणि डबा भरून दिला.

नदीवर मी तो डबा उघडला तेव्हा मित्र वाळूत बसून इतका हसला की त्याला ठसका लागला. खाखरो म्हणजे पळस. त्यांच्याकडे पळसाच्या झाडाला खाखरो म्हणतात, आणि मासा त्या झाडाच्या पानांत गुंडाळायचा होता. डबा हातात घेऊन तो म्हणाला, "साहेब, आ तो चा साथे खवाय." चहाबरोबर खायची वस्तू मी माशासाठी आणली होती.

पण काय सांगू, तो मासा! मरळ होती, हातभर लांब. हळद, मीठ, कुटलेली मिरची आणि लसूण लावून पळसाच्या पानांच्या तीन थरांत बांधलेली, आणि वाळूत खड्डा करून निखाऱ्यांत पुरलेली. पानं करपायला लागली तसा एक धुरकट, गोडसर वास आला आणि माझ्या पोटात काहीतरी उठून उभं राहिलं. पुडकं उघडलं तर आतून वाफ, आणि पांढरं मांस पाकळीपाकळीने सुटत होतं. मी बघायला आलो होतो. मी तुकडा उचलला. घरच्या मेथीच्या खाखऱ्यावर ठेवून खाल्ला. मग दुसरा. बायकोच्या हातच्या खाखऱ्यांवर मी त्या दिवशी अर्धी मरळ संपवली.

परत निघताना मित्राने कुंपणावरची कंटोली तोडून पिशवीभर दिली. घरी आलो तर बायकोने दारातच पिशवी बघितली. "अगबाई, कंटोली! ह्यासाठी गेला होतात?" मी हो म्हटलं. इतकं सोपं होतं ते.

मग चटकच लागली. पावसाळा ओसरला की कंटोली, थंडीत पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडा, उन्हाळ्यात रायणाची पिवळी गोड फळं. दर मोसमाला रानातलं काही ना काही मी घरी आणत होतो आणि त्याच्या आड मासे खात होतो. आई शेजारपाजारी कौतुक सांगायची, आमच्या ह्याला रानभाज्यांचं भारी वेड. बायको ती कंटोली तिळाच्या तेलात परतून वाढायची आणि मी मान खाली घालून जेवायचो.

आणखी एक सांगायचं आहे. मरळ पाण्याबाहेर तासन् तास जिवंत राहते. मित्र ती बादलीत ठेवायचा आणि चूल पेटली की दगडाने मारायचा. त्या वेळी मी नेमका काटक्या गोळा करायला निघायचो. मागे ठप्प असा एक आवाज यायचा आणि मग मी परतायचो. चुलीला लागतील त्याच्या तिप्पट काटक्या मी अकरा वर्षांत गोळा केल्या असतील.

हे सगळं एक वेळ माफ होण्यासारखं. पुढचं नाही.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. वर्ष उलटल्यावर एका दुपारी बायकोने भीत भीत विचारलं की माहेरून थोडी सुकट मागवली तर? गॅलरीत वेगळ्या शेगडीवर करीन, सोसायटीत वास जाणार नाही. मला हो म्हणायला काय झालं होतं? पण मला वाटलं, घरात एकदा मासे आले की माझ्या तोंडातून काहीतरी निसटेल. चव ओळखीची असल्याचं दिसेल. म्हणून मी तिला जीवहत्येवर चांगलं पंधरा मिनिटं ऐकवलं. आईचं देवघर, मुक्या जीवाचे हाल, आपले संस्कार. त्याच्या आदल्या रविवारी मी मरळ खाल्ली होती. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं, राहू दे." परत कधी विषय काढला नाही.

मासा खाणं पाप आहे की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि मला अजून कळलेलं नाही. पण मारायचं मित्राने, सोडायचं बायकोने आणि खायचं मी, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही, एवढं त्या दुपारपासून मला कळत होतं. कळून मी दोन वर्षं काही केलं नाही.

यंदा मी गाडीची किल्ली उचलली आणि ती म्हणाली, या खेपेला मीही येते, कंटोली वेलीवर कशी दिसतात ते तरी बघू. तिने साडीऐवजी पंजाबी ड्रेस घातला होता, पायात बूट. नको म्हणायला कारण सापडेना. डभोईपर्यंत ती आनंदाने बोलत होती आणि मी नुसता हूं हूं करत गाडी चालवत होतो. डभोईच्या वेशीपाशी मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. खाखऱ्यापासून सुकटीपर्यंत, काही न गाळता. आयुष्यात मी एका दमात इतकं कधी बोललो नव्हतो.

ती समोरच्या काचेतून बघत राहिली. माझ्याकडे न वळता म्हणाली, "मासा कुठला?"

"मरळ."

"साफ कोण करतं?"

"तोच. मारतो, साफ करतो, सगळं."

"आणि तुम्ही?"

"मी काटक्या आणतो."

ती हसली, पण ते हसू मला नको होतं. "सुकटीच्या वेळी पंधरा मिनिटं बोललात. मला पाठ आहे ते." मग म्हणाली, "चला. गाडी काढा."

नदीवर मित्राने दोन मरळी बादलीत ठेवल्या होत्या. बायकोला बघून तो गडबडला, बेन, तमे आव्यां, असं काहीतरी पुटपुटला. तिने त्याला अगदी शांतपणे गुजरातीत विचारलं, राख आहे का? मग ओढणी कमरेला खोचून ती दगडापाशी बसली. मी सवयीने वळलो.

"काटक्या पुरेत," ती म्हणाली. "आज तुम्ही."

मित्र बाजूला झाला. मी बादलीत हात घातला. मरळ म्हणजे नुसता निसटता जोर. दोनदा सुटली. बायकोने माझ्या हातावर राख चोळली आणि कुठे धरायचं ते दाखवलं. पहिला घाव कच्चा बसला, दुसरा चुकला, तिसऱ्याला ती स्थिर झाली. मरळीचा डोळा माझ्याकडे होता. मी सवयीने तोंड फिरवणार होतो, पण नाही फिरवलं. अकरा वर्षांतल्या सगळ्या मरळी मी त्या क्षणी मारल्या, असं मला वाटलं, आणि तरीही, खरं सांगतो, अंगात एक विलक्षण तरतरी आली होती. चोरी संपल्याची असावी.

साफ तिने केली. लग्नानंतर सव्वीस वर्षांनी, पण सुरी एकदाही अडली नाही. मित्र नुसता बघत होता. मित्राच्या मसाल्यात तिने कुंपणालगतच्या झाडाच्या दोन कच्च्या आंबट चिंचा ठेचून घातल्या आणि पानंही तिनेच बांधली.

पुडकं उघडलं, आणि तिने तुकडा तोंडाशी नेऊन परत खाली ठेवला. "वास येतोय मला," ती म्हणाली आणि उठून पाण्याकडे गेली. मी आणि मित्र एकमेकांकडे बघेना. मला वाटलं, गेलं. माशाची जी चव मी आता तिला परत करायला निघालोय, ती तिच्याजवळ उरलीच नाही. ती पाण्याशी उभी राहिली, चूळ भरली. मग येऊन बसली आणि डोक्याजवळचा तुकडा उचलला. हळू खाल्ला. बोटं आपोआप काटे वेगळे काढत होती, ती त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिने पूर्ण बाजू संपवली. डोळ्यांत पाणी होतं. धुराचं का, हे मी विचारलं नाही.

माझा तुकडा पानावर तसाच पडला होता. "मारलीय ना?" ती म्हणाली. "मग टाकायची नाही." मी खाल्ली.

दुसरी मरळ तिने बादलीतच राहू दिली आणि मित्राकडून झाकण मागून घेतलं. परतताना बादली तिच्या पायांत होती. आत मासा मधूनच धडपडायचा आणि ती झाकणावर तळवा ठेवून मला खड्ड्यांत सावकाश घ्यायला सांगायची. मला तिने माफ केलं की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आजही नाही. बडोदं जवळ आलं तसं तिने विचारलं, "गॅलरीत करू?"

"ओट्यावर," मी म्हटलं.

मारायचं कोणी, हे तिनेही विचारलं नाही आणि मीही नाही. घरी पोचल्यावर मी आधी शर्टाच्या बाह्या वर केल्या.