विन्सेन्झला न सांगितलेलं

बुर्गी आणि मी तेवीस वर्षांपासूनच्या शेजारणी. इन्सब्रुक शहरातून बस डोंगर चढत आमच्या गावात येते, तिथे शेवटच्या थांब्यापाशी आमची घरं. तिचा नवरा विन्सेन्झ छपरांची कामं करणारा सुतार. अख्ख्या खोऱ्यात त्याच्याइतका विनोदी माणूस नव्हता. रविवारी चर्चबाहेर त्याच्याभोवती घोळका जमायचा.

"आज फादरनी प्रवचन एवढं ताणलं," तो गाल चोळत म्हणायचा, "की सकाळी केलेली दाढी परत उगवली!"

आम्ही खो खो हसायचो. बुर्गी तेवढी ओठ आवळून, पायात पाय अडकवून उभी राहायची, नाहीतर सरळ घरची वाट धरायची.

"अगं, तोंडात लिंबू धरलंयस का?" तो मागून ओरडायचा. सुरुवातीला थट्टेनं. पुढेपुढे त्या आवाजातली थट्टा ओसरत गेली.

खरं कारण मला फार उशिरा कळलं. चौथ्या बाळंतपणात बाळ अडलं, चिमट्यानं काढावं लागलं. त्यानंतर हळूहळू तिचा लघवीवरचा ताबा सुटत गेला. शिंकलं की थोडी, बादली उचलली की थोडी, आणि हसलं की थांबायचीच नाही. चर्चमधलं गाणं तिनं सोडलं. लग्नातला नाच सोडला. अंगाला वास येईल या धास्तीनं माडीवरच्या खोलीत एकटी झोपायला लागली आणि नवऱ्याला सांगितलं, "तू फार घोरतोस." अशी अकरा वर्षं काढली.

विन्सेन्झनं एकदा मला कुंपणाशी गाठलं होतं. म्हणाला, "तिला मी नकोसा झालोय का गं? तू बाईमाणूस, तुला कळत असेल."

"काहीतरीच काय!" म्हणत मी धुणं वाळत घालायला वळले. बुर्गीला जाऊन विचारता आलं असतं मला. विचारलं नाही.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बुर्गीनं त्याला घरीच ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी ती त्याचं डायपर बदलायला गेली, तर तो भिंतीकडे तोंड फिरवून रडायला लागला. एवढा धिप्पाड माणूस. तिनं हातातलं डायपर खाली ठेवलं. मग तिनं स्वतःचा घागरा वर केला.

"हे बघ विन्सेन्झ. मलाही बांधावं लागतं. अकरा वर्षं झाली. तुझ्या बोलण्यावर मी हसत नव्हते ना, ते ह्याच्यापायी. तू घोरतोस म्हणाले, तेही खोटं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग चांगल्या हातानं गादीवर दाणदाण बुक्क्या मारायला लागला.

"मारायचं तर मला मार," ती म्हणाली.

त्यानं तिचा हात धरला आणि स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. हे तिनंच मला सांगितलं.

त्या दिवसापासून तो तिला सारखा टेलिफोनकडे बोट दाखवायचा. डॉक्टरकडे जा म्हणून. शेवटी ती शहरातल्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "तुमच्या दंडातून स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा घेऊ. त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवू. मग मूत्रमार्गाशी जो स्नायू ढिला पडलाय, त्यात सुईनं सोडू. रुजल्या तर तो पुन्हा आवळायला लागेल. पण उपचार अजून चाचणीतला आहे. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. खात्री नाही देत मी."

तुकडा काढून ती घरी आली, तेव्हा विन्सेन्झनं दंडावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग रोज तो भुवया उंचावून विचारायचा, वाढल्या का?

"वाढतायत हो. तिकडे ऊब देऊन, खाऊ घालून सांभाळतायत त्यांना. माझ्यापेक्षा जास्त थाट आहे त्यांचा!"

पाचव्या आठवड्यात त्याला दुसरा झटका आला. त्यातून तो उठला नाही.

दफनाच्या आदल्या दिवशी इस्पितळातून फोन आला. पेशी तयार आहेत, मंगळवारी या. बुर्गीनं फोन माझ्याकडे दिला. "सांग त्यांना, नको आता. कुणासाठी करायचं?"

"तुझ्यासाठी," मी म्हटलं.

"माझ्यासाठी म्हणून मी कधी काही केलंच नाही गं. कसं करतात ते?"

मंगळवारी मीच तिचा कोट काढून दिला आणि बसमध्ये तिच्या शेजारी बसले. काळ्या कपड्यांतच तिनं सुया घेतल्या.

पुढे त्या स्नायूला यंत्र लावून व्यायाम, पुन्हा तपासण्या. तीन महिने काही फरक दिसला नाही. सहाव्या महिन्यात ती दुधाचा कॅन उचलून घरापर्यंत आली आणि कोरडी होती. दिवसाला सहा पॅड लागायचे, तिथे आता एक लागतो, कधी तोही नाही. पूर्ण बरी झाली असं नाही म्हणता येणार. हिवाळ्यात खोकला झाला की अजून त्रास होतो.

त्या सहाव्या महिन्यातच ती माडीवरून खाली आली आणि त्याच्या पलंगावर झोपायला लागली. डाव्या कडेला. उजवी बाजू रिकामी ठेवते.

गेल्या शरदात महिला मंडळाच्या सभेत केक कापून झाल्यावर ती उठली आणि हे सगळं बोलली. अध्यक्षीणबाई घाईघाईनं कॉफी ओतायला लागल्या. मला वाटलं, आता गावात हिची चेष्टा होणार.

दुसऱ्या दिवशी पोस्टातली आग्नेस तिच्या दाराशी आली, मलाही तेच होतं म्हणत. संध्याकाळी बेकरीवाल्याची आई. दोघींनाही बुर्गीनं आधी एकच विचारलं, "घरी सांगितलंयस का?"