पान एकवीसवरचा मासा

तुम्हाला म्हणून सांगते. नवऱ्याला हे माहीत नाही, मुलीला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच.

अंबरनाथ पश्चिमेला माझं छोटंसं वाचनालय आहे. वाचनालयाच्या लोकांना एक खोड असते, तुम्हालाही असेल — वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून एका ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवायची. कुणी आद्याक्षर लिहितं, कुणी फुली मारतं. मी ओरडते, लोक ऐकत नाहीत. माझी ताई पान एकवीसवर पेन्सिलीनं टिकली काढायची. भावोजी गेल्यावर तिनं कपाळाला टिकली लावणं सोडलं होतं. पुस्तकात मात्र काढायची. का, ते मी कधी विचारलं नाही.

एकेचाळिसाव्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आली. माझी मुलगी तिनं वाढवली, सासूबाईंचं पथ्यपाणी तिनं केलं, स्वयंपाक तिचाच. म्हणून तर मी सकाळपासून वाचनालयात बसू शकत होते. तिला पुस्तकं लागायची ती एकाच प्रकारची — कुणी घटस्फोटित बाई, कुणी विधुर गृहस्थ, दोघांचं भांडण, मग गैरसमज, पळापळ, आणि शेवटी लग्न. आयुष्याचा दुसरा डाव, तोही पोट धरून हसवणारा. ती पोळ्या लाटता लाटता वाचायची आणि एकटीच हसायची. पिठाचे ठसे पुसायचं काम माझं.

असली पुस्तकं नेणारा आणखी एक जण होता. म्हात्रे. जवळच्याच आगरी पाड्यातले, कारखान्यातून निवृत्त झालेले, बायको गेलेली. त्यांची खूण मासा. तेही पान एकवीसवरच — योगायोग म्हणा. जो नंतर वाचेल तो पहिल्याच्या खुणेशेजारी आपली खूण ठेवायला लागला. मग म्हात्रे पुस्तक घेण्याआधी ते पान उघडून बघायला लागले.

"बाय, ही टिकली कारनारी कोन हाय गो? तिची न माजी पसंत येकच."

"आहेत एक सभासद," मी म्हणाले. माझी बहीण आहे, एवढं साधं वाक्य तोंडातून का निघालं नाही?

घरी ताई विचारायची, "हा मासेवाला कोण गं? माणूस बरा दिसतो." आणि स्वतःच लाजायची. त्या आठवड्यात तिनं ट्रंकेतली मोरपंखी साडी काढून उन्हात घातली. मी ती दोरीवर पाहिली. मला बरं वाटलं नाही.

मग एक दिवस म्हात्र्यांनी पुस्तक परत करताना त्यात घडी केलेला कागद ठेवला. "टिकलीवाल्या बाईंना द्या," म्हणाले. मी तो उघडला. लिहिलं होतं — बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. तुमची टिकली असलेलं पुस्तक वाचताना हसू येतं, पण ऐकायला घरात कुणी नसतं. रविवारी अकरा वाजता वाचनालयात येतो. तुम्ही आलात तर बोलू. नाही आलात तर राग नाही.

तो कागद मी गॅसवर जाळला. थोड्या वेळानं त्याच गॅसवर ताईनं माझ्यासाठी चहा टाकला.

रविवारी म्हात्रे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल. स्टुलावर बसून राहिले. दार वाजलं की उठायचे. एक वाजता मी म्हणाले — ऐका, मी काय म्हणाले ते — "चिठ्ठी दिली मी. त्या वाचून हसल्या. म्हणाल्या, या वयात?"

ते स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "बरोबर हाय त्यांचा." पुन्हा आले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांची वेगळी राहणारी सून येऊन पुस्तकं परत करून गेली.

मुलगी लहान होती, सासूबाई अंथरुणावर होत्या, ताई गेली असती तर घर कोलमडलं असतं — हे सगळं खरं आहे. पण त्याहून खरं काय, ते सांगू? मला हेवा वाटला. माझा नवरा जेवताना ताटातून मान वर करत नाही. मला एकदाही कुणी असं लिहिलं नाही, आणि हिला दुसऱ्यांदा?

इथं थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण मासा दिसेना तशी ताई मिटत चालली. जेवण करपायला लागलं. मला भीती वाटली, ही भावाकडे निघून जाईल. मग मी पेन्सिल घेतली. नवीन पुस्तक घरी नेण्याआधी पान एकवीसवर मासा काढला. शेपटी जमली नाही, तरी तिला कळलं नाही. ती पुन्हा हसायला लागली. शेजारी टिकली काढायला लागली.

त्याला आता चौदा वर्षं झाली. सासूबाई कधीच गेल्या, मुलगी लग्न होऊन बदलापूरला असते. म्हणजे ताईला धरून ठेवायचं कारणही उरलं नाही. म्हात्रे दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या सुनेनंच सांगितलं. त्या संध्याकाळीसुद्धा मी मासा काढूनच पुस्तक घरी नेलं.

मोरपंखी साडी ट्रंकेत आहे. दरवर्षी ताई ती उन्हात घालते.

साखरेमुळे तिची नजर गेली आहे. आता मीच वाचून दाखवते. पान एकवीस आलं की ती हात वर करून मला थांबवते.

"मासा आहे?"

"आहे."

"मग माझी टिकली काढ ना गं शेजारी."

मी काढते. दोन्ही.