पाचदा फिरलेली किल्ली

कुलूपकाकांनी करून दिलेली किल्ली कधी तक्रार घेऊन परत आली नाही, असं त्यांच्या गल्लीत आजही सांगतात. कारण साधं होतं. नवी किल्ली कानसून झाली की काका ती गिऱ्हाइकाच्या देखत पाच वेळा कुलपात घालून फिरवत. गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं की म्हणत, "एकदा फिरली तर नशीब. पाचदा फिरली तर किल्ली." स्वतःचं दुकान बंद केल्यावरही ते कोपऱ्यापर्यंत जात आणि कुलूप ओढून बघायला माघारी येत. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला निघाली, तेव्हा काकूंनी थांब्यावर दोन बस सोडल्या त्या यापायीच.

पुढे काकांचा हात थोडा कापू लागला. त्यांनी दुकान आवरलं, हत्यारांची पेटी घरी आणली आणि काकूंच्या कामाच्या खोलीत टेबलाखाली सरकवून दिली. आपलं काम संपलं, असं ते कुणाला म्हणाले नाहीत, पण पेटी काही परत बाहेर काढली नाही.

काकू बाहुल्या दुरुस्त करत. हात निखळलेल्या, डोळा आत गेलेल्या, केस उपटलेल्या. खिडकीपाशी लांब टेबल, त्यावर काचेच्या डोळ्यांची डबी, रबराचे तुकडे, वाकडी सुई, डिंकाची बाटली. भिंतीकडेला बुटांचे रिकामे खोके आणि प्रत्येकात एक पेशंट, गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन. गल्ली या खोलीला दवाखानाच म्हणे. समोरची एक छोटी मुलगी तर धडधाकट बाहुली घेऊन रोज तपासायला यायची. शेवटी काकूंनी तिला बजावलं, की हिला काही झालेलं नाही, आता या आठवड्यात हिला तपासणार नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी बाहुलीसोबत एक कापडी अस्वलही घेऊन हजर. म्हणाली, आज ही एकटी नाही आलेली, आज दोघं आलीत, ही वेगळी केस आहे. काकूंना हसू आवरेना. दोघांना तपासावंच लागलं.

दवाखान्याची वेबसाइट करायची कल्पना काकूंच्या धाकट्या बहिणीची. ती संगणकाच्याच कामात होती. काकूंनी आधी उडवून लावलं. घरगुती उद्योग तो, त्याची कसली जाहिरात. पण काकांनी मनावर घेतलं. मेहुणीला फोन करकरून त्यांनी एकेक गोष्ट शिकून घेतली. काकूंनी बाहुल्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढले, आणि काढता काढता आपण एवढं काम केलंय हे त्यांचं त्यांनाच नव्याने कळलं. मग एका पेशंटच्या आईने, जी वर्तमानपत्रात लिहीत असे, दवाखान्यावर लेख लिहिला. तो रविवारी छापून येणार होता, खाली वेबसाइटच्या पत्त्यासकट. काकू दोन दिवस उगाचच गुणगुणत होत्या.

शनिवारी दुपारी राहिलं होतं फक्त प्रमाणपत्र. हा पत्ता खरोखर यांचाच आहे, इथे येणाऱ्याचं बोलणं मधल्यामध्ये कुणी ऐकत नाही, याची खूण म्हणजे ते प्रमाणपत्र. ते नसेल तर पान उघडण्याआधी मोठी धोक्याची सूचना येते, की ही जागा सुरक्षित नाही. एक संस्था ते फुकट देते. मागायचं, लगेच मिळतं.

काकांनी मागितलं. लगेच मिळालं. कुलपाची छोटी खूण पत्त्याशेजारी उमटली आणि जन्मभर कुलपं हाताळलेल्या माणसाला भरून आलं. पण एकदा फिरली तर नशीब. काकांनी सगळं पुसलं, पुन्हा मांडलं, पुन्हा मागितलं. मिळालं. असं त्यांनी पाचदा केलं. मग समाधानाने चहा घेतला, आणि आता तालीम झाली, खरा प्रयोग करू, म्हणून सगळं स्वच्छ पुसून सहाव्यांदा मागितलं.

उत्तर आलं, याच नावांची प्रमाणपत्रं तुम्हाला आठवडाभरात पाच दिली आहेत. आता सोमवारी मागा.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. आधीची पाचही पुसून बसले होते. त्यांनी मेहुणीला फोन लावला. सगळं ऐकून ती इतकी हसली, की पलीकडे तिच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"भावजी, सरावासाठी वेगळी जागा असते हो. तिथे शंभरदा मागा, कुणी विचारत नाही. तुम्ही खऱ्या खिडकीवर जाऊन पाचदा मागितलंत?"

"मला काय माहीत. दिलं की त्यांनी, न कुरकुरता."

"दिलं, कारण तुम्ही सगळं बरोबर केलंत. चुकला असतात तर मिळालंच नसतं."

हे कौतुक की टोमणा, ते काकांना कळेना. त्यांचा जीव काकूंकडे लागला होता. उद्या लोक पेपर बघून पत्ता टाकणार आणि त्यांना आधी काय दिसणार, तर धोका. तोही कुलूपवाल्याच्या घरी. जिने एवढी वर्षं आपलं काम कुणाला दाखवलं नाही, तिने दाखवायला काढलं त्याच दिवशी. काका टेबलापाशी गेले आणि बाहुलीच्या डोक्यात केस ओवणाऱ्या काकूंना त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

काकूंनी सुई खाली ठेवली. रागावल्या नाहीत. नेमकं काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा, म्हणाल्या. काकांनी वाचलं.

"याच नावांची म्हणजे कुठली हो?"

"आपल्या पत्त्याची. साधा, आणि पुढे तीन डब्ल्यूवाला. दोन नावं."

काकू भिंतीकडच्या खोक्यांकडे बघत राहिल्या, मग त्यांचे डोळे हसले. "मग अस्वल आणा की."

"काय आणू?"

"अहो, हीच दोघं पुन्हा आली म्हणून ते तपासत नाहीत ना? मग आणखी एक नाव घाला बरोबर. ही वेगळी केस आहे म्हणावं."

काकांनी फोन उचलला. मेहुणी आता हसली नाही. चालतं, म्हणाली, नावांचा गट वेगळा झाला की ते वेगळं प्रमाणपत्र धरतात, नियमातच आहे तसं. ताईला म्हणावं माझ्या ऑफिसात नोकरीला ये. फक्त तिसरं नाव खरं हवं, आणि तिथे एखादं पान ठेवलंत तर बरं दिसेल.

कसलं पान, असं काका विचारणार तोच काकूंनी पायाने टेबलाखालची पेटी पुढे ढकलली. काका नको नको म्हणत होते. काकूंनी ऐकलं नाही. त्या सांगत गेल्या आणि काका एकेक अक्षर टिपत गेले. हरवलेल्या किल्ल्या करून मिळतील. हात सावकाश चालतो, पण पाचदा फिरवूनच देतो.

पत्त्याला 'कुलूप' हे तिसरं नाव जोडलं, ते इंटरनेटवर सगळीकडे पोचेपर्यंत थोडं थांबले, आणि काकांनी मागितलं. मिळालं. खूण उमटली. काकांचा हात पुन्हा पुढे सरकला, तसा काकूंनी तो धरून ठेवला.

"बघा हवं तेवढं. मागू नका."

रविवारी सकाळी लोकांनी पत्ता टाकला आणि पान सरळ उघडलं. काकूंच्या पानावर पत्रांवर पत्रं येत राहिली. दुपारी एक पत्र मात्र काकांच्या पानावर आलं. एका बाईंनी लिहिलं होतं, की त्यांच्याकडे आईची एक बाहुली आहे, किल्ली दिली की नाचणारी, पाय तुटलाय आणि किल्लीही हरवलीय. दवाखान्यात विचारावं की कुलूपवाल्यांना, ते कळेना.

पुढच्या आठवड्यात ती बाहुली टेबलावर आली. काकूंनी पाय जोडला. काकांनी पेटी उघडली आणि सावकाश, मध्ये मध्ये हाताला विश्रांती देत, किल्ली कानसली. बाईंच्या देखत फिरवली. बाहुली गिरकी घेत टेबलभर नाचली आणि डिंकाच्या बाटलीपाशी थांबली. बाई डोळे पुसत हसत होत्या. असं पाचदा झालं. पाचव्यांदा थांबल्यावर काकांनी किल्ली काढून बाईंच्या हाती दिली.

"अहो," काकू म्हणाल्या, "परत एकदा."

काकांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी किल्ली पुढे केली.