भरली दिसतेस

चंद्रपूरच्या दवाखान्यातून मला मूल तालुक्यातल्या आमच्या गावी परत आणलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी आईला बजावून सांगितलं होतं. हिला भूक असो वा नसो, ठरल्या वेळी जेवू घाला. आणि धावू देऊ नका.

पोलीस भरतीची तयारी करता करता माझं खाणं सुटलं होतं. अंग हलकं झालं की जोरात धावता येईल, एवढंच सुरुवातीला डोक्यात होतं. पुढे भरती बाजूला राहिली आणि न खाणंच उरलं. पाळी थांबली, केस गळायला लागले, आणि एका सकाळी मी रस्त्यावरच चक्कर येऊन पडले.

घरी आल्यावर ताटातला भात मी नुसता बघत राहायचे. आई समोर बसून राहायची. मी एकेक घास वरणात कालवत बसायचे.

मग काही आठवड्यांनी भूक आली, आणि ती अशी आली की मी घाबरले. जेवून हात धुतला की पुन्हा खावंसं वाटे. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, बाबांनी तलावातून आणलेल्या मासोळ्या, काहीही. आईला वाटलं, पोरगी बरी झाली. मला वाटत होतं, हे आता कधीच थांबणार नाही. फोन केला तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "शरीर मागची उपासमार भरून काढतंय. खात राहा." मी ऐकलं, पण पटलं नाही.

त्यातच गोंडपिपरीला मामेबहिणीचं लग्न निघालं. पंगतीत मावशीने माझ्या गालाला हात लावला. "आता कशी भरली दिसतेस वो. मागं तं नुसती हाडंच दिसत होती."

तिने मायेनेच म्हटलं होतं. पण मी हातातला घास पत्रावळीवर परत ठेवला. त्या दिवशी नंतर मी काही खाल्लं नाही.

रात्रीच आम्ही गावी परतलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बूट घातले आणि भरतीची पोरं धावतात त्या रस्त्यावर गेले. फार धावता आलं नाही. पुलाजवळ वाकून उभी होते तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. आई होती. पदर खोचलेला, धाप लागलेली.

"तू काऊन आलीस?"

"मंग का करू? मले तुझ्यासारखं पळता येत नाई." ती कठड्यावर बसली. "कोण्या दिवशी इथीच पडशील, अन् मी घरी भात रांधत बसीन."

"आई, मले लय भूक लागते. तिचंच भेव वाटते."

तिने खोचलेला पदर सोडून तोंड पुसलं. "मले वाटलं, तू बरी झाली," ती म्हणाली. मग म्हणाली, "भेव वाटते तं वाटू दे. पण जेव."

घरी येऊन तिने उरलेला भात कांदा-मिरचीची फोडणी देऊन परतला. मी रडत रडत पोटभर खाल्ला. ती अडवायला आली नाही, समजवायलाही नाही.

भरतीला मी गेलेच नाही. भूक हळूहळू वेळेवर येऊ लागली. आता एका राईस मिलच्या ऑफिसात काम करते. एखाद्या दिवशी डबा संपवते आणि जेवल्याचं विसरूनही जाते. एखाद्या दिवशी झाकण उघडायलाच दुपार उलटते. काल तसाच दिवस होता. भात गार झाला होता, तरी खाल्ला.