‘टू बी डिसायडेड’चा फुटबॉल सीझन

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ओटावातल्या एका बेसमेंटमध्ये सात मराठी स्टुडंट्स राहिले, की ते हीटरवरच्या ओल्या मोज्यांसारखे आपोआप साठतात आणि कुठला कुणाचा यावरून भांडणं होतात. २०१७च्या फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या सेमिस्टरला, आम्ही कॉलेजच्या फुटबॉल लीगमध्ये खेळलो. तेव्हाचे किस्से आज आमच्यातला प्रत्येक जण वेगळे सांगतो. माझे खरे आहेत. मी नागपूरची आहे, आम्ही वाढवून सांगत नाही.

*

सगळं विनायकमुळे झालं. विनायक फलटणचा. त्याचे वडील, अण्णा, तिथल्या शाळेत पीटीचे सर आणि खो-खोचे कोच. विनायक त्यांचा सगळ्यात चपळ गडी. राज्याच्या टीमची निवड चाचणी आणि कॅनडाच्या व्हिसाची अपॉइंटमेंट एकाच दिवशी आली आणि तो व्हिसाला गेला. त्या दिवसापासून अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दीड वर्ष झालं होतं. दर शनिवारी तो घरी व्हिडिओ कॉल करायचा. आई बोलायची आणि मागे टीव्हीचा आवाज वाढायचा.

विनायकच्या डोक्यात एकच होतं. आपण इथंही मैदानावर उतरतो हे अण्णांना दिसलं, की ते बोलतील. कॉलेजच्या फॉर्मवर खो-खो नव्हता. त्यानं ‘फुटबॉल’समोर टिक केली आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं लिहून टाकली. आम्हाला विचारलं नाही.

पहिल्या दिवशी ग्राउंडवर गेलो, तर चेंडू दोन्ही टोकांना निमुळता.

मी म्हटलं, “बाप्पा! याच्यावर कोण बसलं होतं?”

गॉर्डन नावाचे साठीचे रेफरी होते. त्यांनी आमच्याकडे शांतपणे पाहिलं. “सॉकर इज ऑन ट्यूसडेज,” ते म्हणाले. “अँड इट्स फुल.”

मग त्यांनीच समजावलं. आपला फुटबॉल इथं सॉकर, आणि याला फ्लॅग फुटबॉल म्हणतात. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरची रेष ओलांडली की टचडाऊन. वाटेत कुणी तुमच्या कमरेची रिबन खेचली, की तिथंच थांबायचं.

विनायकचा चेहरा उजळला. “म्हंजे नुसतं हुलकावण्या देत पळायचं? मग ह्यो आपलाच खेळ की!”

ती मॅच आम्ही बेचाळीस-शून्यनं हरलो.

*

फॉर्मवर टीमचं नाव विचारलं होतं. विनायकला काही सुचेना, म्हणून त्यानं लिहिलं, ‘टू बी डिसायडेड’. वेळापत्रकात तेच छापून आलं.

दुसऱ्या मॅचला समोरची टीम आलीच नाही. त्यांनी वेळापत्रक वाचलं, प्रतिस्पर्धी अजून ठरायचाय असं समजले आणि घरी झोपले. नियमानं आम्ही जिंकलो. तिसऱ्या मॅचलाही तेच! टेबलमध्ये आम्ही तिसरे.

गॉर्डननी विचारलं, नाव बदलायचंय का? आम्ही एकमतानं नाही म्हणालो. आमच्या बेसमेंटमध्ये एकमत पहिल्यांदाच झालं.

शनिवारी विनायकनं आईला सांगितलं, “सलग दोन जिंकलो!”

मागचा टीव्ही एकदम बंद झाला. आई आत जाऊन आली. “विचारत्यात, समोरचे कसे व्हते?”

विनायकला खोटं बोलता येत नाही. “समोरचे आलेच न्हाईत.”

टीव्ही सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्यानं. त्या दिवशी विनायक जेवला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण त्याच्या वाटणीची खिचडी मी खाल्ली.

*

टीममध्ये मंदार होता. मंदार पुण्याचा. त्यानं नियमावली कॉलेजच्या प्रिंटरवर प्रिंट केली, स्पायरल बाइंडिंग केलं आणि मार्करनं रंगवली. खेळताना ती बाकावर ठेवायचा, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून वर पाण्याची बाटली.

चौथ्या मॅचला समोरची टीम आली, आणि तरी चमत्कार झाला. चेंडू माझ्या हातात आला, मी डोळे मिटून पळाले आणि रेष ओलांडली! पोरं नाचायला लागली. विनायकनं तर मला उचललंच.

मंदार नियमावली घेऊन गॉर्डनकडे गेला. “सर, हर टी-शर्ट वॉज कव्हरिंग द रिबन. पेज इलेव्हन.”

गॉर्डननी पान अकरा वाचलं. टचडाऊन रद्द झाला. समोरची टीम मंदारला हात मिळवायला आली.

“काहून केलं असं?” मी ओरडले.

“नियम म्हणजे नियम,” मंदार म्हणाला. “उद्या त्यांनी टी-शर्ट बाहेर काढला, तर आपण कुठल्या तोंडानं बोलणार?”

त्यानंतर आठवडाभर घरात त्याच्याशी कुणी बोललं नाही. त्याच्या ते चार दिवसांनी लक्षात आलं.

*

तरी आमच्याकडे एक हत्यार होतं. मराठी! बाकीच्या टीम कानात कुजबुजून डाव ठरवायच्या. आम्ही खुशाल ओरडायचो. “उजवीकडनं टाक!” “हर्षाला दे, तिच्यावर कुणी नाहीये!” हर्षा म्हणजे मी. समोरचे बावचळून बघायचे.

पाचव्या मॅचला हे हत्यार चालेना. विनायकनं “उजवीकडं!” म्हटलं, की हुडी घातलेला एक उंच, दाढीवाला पोरगा आधीच उजवीकडे उभा. “मधी टाक!” म्हटलं, की तो मध्ये. त्यानं आमचे तीन चेंडू हवेतच पळवले. आपल्या टीमशी इंग्लिशमध्ये बोलत होता, बाकावरच्या मैत्रिणीशी फ्रेंचमध्ये.

मॅच संपल्यावर तो आमच्याकडे आला. “आय अ‍ॅम रोहन. आय ग्रू अप इन ब्रॉसार्ड.” म्हणजे इथंच, कॅनडात वाढलेला. मग जरा लाजला. “आई घरी मराठी बोलते.”



“छान खेळलात हं,” तो म्हणाला.

मॅचमध्ये आम्ही त्याच्या टीमबद्दल आणखीही बरंच काही ओरडलो होतो. ते त्यानं काढलं नाही. संस्कार चांगले होते.

*

शेवटची मॅच शनिवारी सकाळी दहाला होती. फलटणला संध्याकाळचे साडेसात. पूर्ण सीझनमध्ये आमचा एकही टचडाऊन नव्हता. विनायकनं आईला सांगून ठेवलं होतं, “अण्णांना फकस्त फोनसमोर बशीव.”

माझा पाय बसमधून ग्रोसरी उतरवताना मुरगळला होता, म्हणून फोन धरायचं काम माझ्याकडे. आईनं तिकडचा फोन डब्याला टेकवून ठेवला होता. स्क्रीनवर एक रिकामी खुर्ची दिसत होती. मॅचभर मी मैदान त्या खुर्चीला दाखवलं.

शेवटची दोन मिनिटं राहिली. आम्ही कधीच हरलो होतो. विनायकच्या हातात चेंडू आला. त्यानं एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, तिसरा पाय घसरून पडला. विनायक मी उभी होते त्या बाजूनं, अगदी मैदानाच्या कडेनं येत होता. समोर दोघंच, आणि त्यांच्यामागे टचडाऊनची रेष, वीस पावलांवर.

फोनमध्ये खुर्ची करकरली.

“डावीकडं हूल दे!”

तीस वर्षं शाळेचं मैदान ज्या आवाजानं भरायचं, तो आवाज. माझ्या हातातून फोन पडता पडता राहिला. गॉर्डननीही वळून पाहिलं.

विनायक थांबला. चेंडू छातीशी धरून, जिथं होता तिथंच, माझ्या हातातल्या फोनकडे बघत. समोरचे दोघं आले. एकानं त्याची रिबन हळूच काढून घेतली. शिट्टी वाजली.

“थांबलास कशाला रं गाढवा!” फोन गरजला. “पळ की!”

विनायकनं येऊन फोन दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे भरले होते.

“व्हय अण्णा,” तो म्हणाला. “पळतो.”

आणि पळत सुटला. माझ्या फोनसकट.